ब्रश कटरचा कार्बोरेटर : बिघाड आणि निदान

ब्रश कटर हे खांद्याला अडकवून चालवायचे गवत कापणीचे यंत्र. कोकणात सगळे त्याला ‘ग्रास कटर’च म्हणतात. त्याच्या छोट्या टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोल आणि हवा योग्य प्रमाणात मिसळून देण्याचे काम कार्बोरेटर करतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात पाऊस ओसरू लागला की आंबा-काजूच्या बागांची बेणणी, म्हणजे वाढलेले गवत-झुडपे काढणे, सुरू होते. महिनोन्‌महिने पडवीत पडून असलेली यंत्रे तेव्हा बाहेर निघतात आणि दोरी ओढून ओढून हात दुखले तरी चालू होत नाहीत. बहुतेक वेळा मूळ कारण असते टाकीत राहून गेलेले जुने पेट्रोल.

रचना

कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तिथला दाब कमी होतो आणि बारीक छिद्रातून पेट्रोल ओढले जाते. पॉवर वीडर किंवा पाण्याच्या पंपाच्या इंजिनात पेट्रोलची पातळी फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा तुकडा राखतो. ब्रश कटर मात्र उतारावर, बांधावर कसाही तिरका धरावा लागतो. तिथे फ्लोट निरुपयोगी ठरतो. म्हणून त्यात दोन पातळ पडदे, म्हणजे डायफ्रॅम बसवलेले असतात. पहिला क्रँककेसमधल्या (इंजिनाच्या पिस्टनखालच्या पोकळीतल्या) दाबाच्या चढउतारावर हलतो आणि टाकीतून पेट्रोल खेचतो. दुसरा इंजिनाच्या ओढीने आत लवतो, एका चिमुकल्या तरफेला दाबतो, पेट्रोलची वाट अडवणारी सुई उचलली जाते आणि लागेल तेवढेच पेट्रोल आत येते.

सगळा खेळ या पडद्यांच्या लवचीकपणावर आहे. नवा पडदा बोटाने दाबला तर बिनआवाज लवतो, जुना वाळक्या पानासारखा कडकड वाजतो. असा पडदा धुऊन परत बसवण्यात अर्थ नाही. गॅस्केटसह (सांधा हवाबंद करणाऱ्या पातळ चकतीसह) त्याचे किट मिळते, तेच घालावे.

इंधन

भारतात आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते. कोकणातल्या दमट हवेत अर्धी भरलेली टाकी पडून राहिली आणि पुरेसे पाणी शोषले गेले, की पाणी व इथेनॉल यांचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो. टाकीतला फिल्टर तळाशीच असतो. टू-टी ऑइल, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचे वंगण तेल, वरच्या पेट्रोलच्या थरात राहते, त्यामुळे इंजिनाला वंगणाविनाच इंधन मिळून पिस्टन जाम होऊ शकतो. शिवाय एक किलो पेट्रोल जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते, तर इथेनॉलला फक्त 9 किलो. म्हणून जुन्या सेटिंगवरच मिश्रण थोडे पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) पडते आणि इंजिन जास्त तापते.

ऑइलचे प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवावे : 50:1 असेल तर लिटरला 20 मिली, 25:1 असेल तर 40 मिली. थोड्या दिवसांत संपेल एवढेच मिश्रण करणे उत्तम.

निदान

कार्बोरेटर उघडणे ही शेवटची पायरी. आधी एअर फिल्टर पाहावा, प्लगची ठिणगी पाहावी, सायलेन्सरची जाळी काजळीने बुजली नाही ना ते पाहावे. या तीन गोष्टींत दोष असताना कार्बोरेटरचे स्क्रू पिळले जातात आणि एका बिघाडाचे दोन होतात.

मग दोरी पाच-सहा वेळा ओढून प्लग काढावा. तो कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही : फिल्टर तुंबलेला, नळी चिरलेली, सुई चिकटलेली किंवा पडदा ताठ झालेला. रबरी प्रायमर (हाताने दाबून पेट्रोल खेचायचा फुगा) दाबल्यावर पारदर्शक नळीत सतत बुडबुडेच दिसत राहिले, तर कुठून तरी हवा शिरते आहे. प्लग ओलाचिंब असेल तर यंत्र ‘ओव्हर’ झाले आहे, म्हणजे पेट्रोल जास्त आले आहे. चोक (सुरू करताना हवा अडवणारी झडप) लागलेला राहिला असेल, नाहीतर सुईखाली कचरा अडकला असेल.

दहा मिनिटे छान चालून बंद पडणाऱ्या यंत्राच्या टाकीचे झाकण सैल करून पाहावे. तेवढ्याने ते पुन्हा चालू राहिले तर टाकीत हवा घेणारा व्हेंट बुजला आहे, कार्बोरेटरचा काही दोष नाही. स्लोवर चालणारे पण रेस देताच गुदमरणारे इंजिन बहुधा पेट्रोलला उपाशी असते. ताठ पडदा किंवा कार्बोरेटरमधली बारीक जाळी तुंबणे ही नेहमीची कारणे. रेस न देताच इंजिन पळत असेल तर कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधल्या गॅस्केटमधून हवा शिरत असण्याची शक्यता मोठी.

सफाई आणि ट्यूनिंग

उघडताना प्रत्येक थराचा मोबाइलवर फोटो घ्यावा. तरफेच्या बाजूला आधी गॅस्केट, मग पडदा असा क्रम असतो. तो उलटला की यंत्र नीट चालत नाही. छिद्रांत तार घालू नये, छिद्र मोठे होते आणि मिश्रणाचे गणित कायमचे बिघडते. क्लीनरचा फवारा किंवा कॉम्प्रेसरची हवा पडदे काढल्यावरच मारावी.

मिश्रणाचे दोन स्क्रू असतात : एल स्क्रू मंद गतीचा, एच पूर्ण रेसचा. दोन्ही हलक्या हाताने बंद करून साधारण एक फेरा उघडून सुरुवात करतात. नेमका आकडा पुस्तिकेत असतो. एच आवळत गेले की पेट्रोल कमी होऊन आवाज तीक्ष्ण होतो, यंत्र जोरात आल्यासारखे वाटते, आणि याच मोहाने पिस्टन जळतात. पूर्ण रेसला, भार नसताना आवाज किंचित भरडा असावा आणि गवतात घातल्यावर स्वच्छ व्हावा. शेवटी आयडल स्क्रू (रेस न देतानाची गती ठरवणारा) असा लावावा की हात सोडल्यावर पाते फिरणार नाही. फिरत राहिलेले पाते पायाशी असते, यात तडजोड नाही.

किट नवे, जाळी स्वच्छ, तरीही स्लो टिकत नसेल तर थ्रॉटलचा (रेस कमी-जास्त करणाऱ्या झडपेचा) दांडा बोटांनी हलवून पाहावा. तो बाजूला खेळत असेल तर त्याची भोके झिजून तिथून हवा शिरते. अशा वेळी किट घालून भागत नाही, अख्खा कार्बोरेटर बदलावा लागतो.