दुय्यम शत्रूंचे संवाद (व्हिडिओ गेम)

पहारेकरी, शिपाई, गुंड अशा बिननावाच्या शत्रूंच्या तोंडची वाक्ये. घटनेसरशी उमटणारी एकदोन सेकंदांची आरोळी आणि खेळाडूने लपून ऐकायचे संभाषण, असे दोन प्रकार मानतात.

पहिला बोलणारा शत्रू कोणता, याविषयी एकमत नाही. हा मान बहुधा ‘बर्झर्क’ (१९८०) या आर्केड (नाणे टाकून खेळायच्या यंत्रावरील) खेळाला दिला जातो. त्याच वर्षीच्या ‘स्ट्रॅटोव्हॉक्स’मध्येही कृत्रिम आवाज आहे, पण त्यातली ठळक हाक मदत मागणाऱ्या माणसांची असल्याने तो येथे धरणे फारसे पटत नाही. सायलस वॉर्नर यांच्या ‘कॅसल वुल्फेन्स्टाइन’मध्ये (१९८१) रक्षक जर्मनमध्ये दरडावतात, आणि तो आवाज माणसाचा, ध्वनिमुद्रित आहे. तरी कथनाच्या अंगाने बर्झर्कचे पारडे जड वाटते. सगळे यंत्रमानव न मारता खेळाडू खोलीबाहेर पडला, की ते त्याला भित्रा म्हणून हिणवतात.

‘थीफ’मध्ये (१९९८) पहारेकरी अस्वलांच्या झुंजींवर गप्पा मारतात. ‘फिअर’मधील (२००५) एकटा उरलेला सैनिक कुमक मागतो. कुमक पाठवण्याची यंत्रणा खेळात नव्हतीच; पुढे भेटणारी तुकडी हीच ती कुमक, असे खेळाडू स्वतःच धरून चालतो.

वऱ्हाडीतील नमुना, जिनिंगच्या (कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्याच्या) फाटकावरील दोन पहारेकऱ्यांचा (‘पोयाले’ म्हणजे पोळ्याला):

“काऊन रे, झोपला काय?”
“नाई ना भाऊ. मालकानं पैसे देल्ले काय?”
“पोयाले देतो म्हने.”
“कोनत्या पोयाले?”

एवढ्यात मालक कळतो, थकलेली मजुरी कळते आणि या दोघांवर वार करावा की वळसा घालून जावे, हा प्रश्न उभा राहतो. संभाषण आठ-दहा सेकंदांतच संपवावे. लांबले की खेळाडू थांबत नाही. मध्येच आवाज झाला तर ते तोडून “कोन हाय रे पराटीत?” (पराटी म्हणजे कपाशी) ही आरोळी यावी, आणि शोध फसल्यावर “रानडुक्कर असन.” पहारेकरी जागेवर का परतला, याचे कारण त्यातच मिळते. तुटलेले संभाषण नंतर पहिल्यापासून सुरू होणे हा नेहमीचा दोष. त्याहून वाईट म्हणजे मेलेल्या साथीदाराला हाक मारणे. म्हणून वाक्य वाजवण्याआधी तो जिवंत आहे का, हे तपासावे लागते. वारंवारच्या घटनेसाठी सहा ते आठ पर्याय लिहावेत, नुकतेच वाजलेले दोन वगळून निवड करावी आणि एका वेळी एकच शत्रू बोलू द्यावा. धोक्याची आरोळी मात्र इतरांना तोडू शकते.

भंडारा-गडचिरोलीकडची झाडी बोली वेगळी. ती वऱ्हाडीत मिसळली तर स्थानिक कानाला लगेच खटकते. वाचून बोलणाऱ्याच्या तोंडी ‘हाय’चे ‘आहे’ होते, तेव्हा ओळ पाठ करून घ्यावी.

ध्वनिमुद्रण ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिटमध्ये. घरातल्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगून, पंखा बंद करून काम भागते. कापसाच्या हंगामात जिनिंगजवळच्या गावात यंत्रांची घरघर मात्र गोधडीने अडत नाही. ओरडण्याच्या ओळी शेवटी घ्याव्यात, आधी घेतल्या तर घसा बसून कुजबुजीच्या ओळी वाया जातात.