स्टर्जिल सिम्पसन यांचे अल्बम

अमेरिकी गायक-गीतकार स्टर्जिल सिम्पसन (जन्म : ८ जून १९७८, जॅक्सन, केंटकी) यांनी २०१३ पासून प्रसिद्ध केलेल्या अल्बमांची मालिका. आपल्या नावाने पाचच अल्बम काढायचे आणि ते मिळून एक सलग कथा व्हायची, असे सिम्पसन यांनी बऱ्याच आधी जाहीर केले होते. ही अट त्यांनी पाळलीही. पाच पुरे झाल्यावर त्यांनी नाव बदलून सहावा काढला. त्यांच्या कामाला ‘इंडी कंट्री’, म्हणजे मोठ्या कंपन्यांपासून स्वतंत्र असलेले कंट्री (अमेरिकी ग्रामीण परंपरेतले) संगीत, म्हणण्याची पद्धत आहे. ते पुरते खरे नाही, कारण मधले काही अल्बम मोठ्या कंपन्यांनी काढले आहेत. मात्र सुरुवात स्वतःच्या पैशांतून झाली आणि पुढे मालकी पुन्हा स्वतःकडेच आली.

सिम्पसन यांचे मूळ गाव पूर्व केंटकीच्या कोळसापट्ट्यात आहे. नौदलातील नोकरी, जपानमधले वास्तव्य, ‘संडे व्हॅली’ हा बँड, सॉल्ट लेक सिटीत रेल्वेची नोकरी, असे सगळे करून ते कंट्री संगीताचे केंद्र असलेल्या नॅशव्हिलला पोहोचले. पहिला अल्बम निघाला तेव्हा ते पस्तिशीत होते.

हाय टॉप माउंटन (२०१३) हे नाव जॅक्सनजवळच्या एका दफनभूमीचे असून सिम्पसन यांच्या घराण्यातील अनेकांच्या कबरी तिथे आहेत. त्यांच्या लेबलचे, म्हणजे अल्बम काढणाऱ्या स्वतःच्या कंपनीचे, नावही हेच. निर्माता होते डेव्ह कॉब. पियानोवर हार्गस ‘पिग’ रॉबिन्स आणि स्टील गिटारवर रॉबी टर्नर, म्हणजे जुन्या नॅशव्हिलचे कसलेले वादक. ‘ओल्ड किंग कोल’ या गाण्यात कोळशाच्या धंद्याची उतरती कळा येते. अल्बम सच्चा आहे, पण त्यातले बरेचसे आधी ऐकल्यासारखे वाटते. सिम्पसन यांची तुलना जुने कंट्री गायक वेलन जेनिंग्ज यांच्याशी होऊ लागली ती इथूनच.

मेटामॉडर्न साउंड्स इन कंट्री म्युझिक (२०१४) या अल्बमने सगळे बदलले. कॉब यांच्या स्टुडिओत जेमतेम चार दिवसांत, सुमारे ४,००० डॉलर खर्चून तो ध्वनिमुद्रित झाला. नाव सोल गायक रे चार्ल्स यांच्या १९६२ मधील प्रसिद्ध अल्बमच्या नावावर बेतलेले आहे. सुरुवातीलाच सिम्पसन यांच्या आजोबांचा, डूड यांचा, आवाज ऐकू येतो आणि लगेच ‘टर्टल्स ऑल द वे डाउन’ सुरू होते. चाल अगदी पारंपरिक, शब्द मात्र बुद्ध, येशू, गांजा, एलएसडी आणि विश्वाची रचना यांबद्दलचे. पृथ्वी कासवावर, ते कासव दुसऱ्या कासवावर, आणि खाली कासवेच कासवे, ही त्यातली प्रतिमा. पृथ्वी हत्तीच्या पाठीवर आणि हत्ती कासवाच्या पाठीवर, ही कथा युरोपीय तत्त्वज्ञांनी भारतीयांच्या नावावर सांगितली आणि तिच्यातूनच पुढे ही कासवांची उतरंड लागली. म्हणजे केंटकीच्या या गाण्यात आपल्याकडच्या कूर्मकथेचा धागा वळणे घेत का होईना, पोहोचला आहे. ‘इट एंट ऑल फ्लॉवर्स’मध्ये टेप उलटी फिरवून केलेले ध्वनी आहेत, ‘द प्रॉमिस’ हे व्हेन इन रोम या ब्रिटिश गटाचे नृत्यगीत संथ करून गायले आहे. गिटारवादक लॉर योआमेट्स एस्टोनियाचे. एवढी सरमिसळ असूनही अल्बम कुठेही प्रयोगाच्या हौसेपायी केल्यासारखा वाटत नाही, आणि प्रस्तुत नोंदीतील सर्व अल्बमांत तोच सरस ठरतो. कंट्री रेडिओने त्याला फारसे वाजवले नाही. ग्रॅमीचे नामांकन मात्र अमेरिकाना (कंट्री, लोकसंगीत अशा अमेरिकी मुळांच्या संगीताच्या) विभागात मिळाले.

यानंतर अटलांटिक कंपनीने करार केला. अ सेलर्स गाइड टू अर्थ (२०१६) ची निर्मिती सिम्पसन यांनी स्वतः केली. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये असताना, आपण परतणार नाही असे वाटून त्यांच्या आजोबांनी पत्नीला आणि तान्ह्या बाळाला पत्र लिहिले होते. त्या पत्राच्या धर्तीवर नऊ गाण्यांतून एक बाप पहिल्या मुलाला जगाची ओळख करून देतो. ‘सी स्टोरीज’मध्ये नौदलातले दिवस आहेत. डॅप-किंग्ज या सोल गटाचे ट्रम्पेट-सॅक्सोफोन या अल्बमला सोल संगीताकडे, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या भावगीतांच्या शैलीकडे, नेतात. निर्वाणा या रॉक गटाचे ‘इन ब्लूम’ सिम्पसन यांनी गायले, ते मूळचा उपरोध काढून, मुलाला समजावल्याच्या सुरात. २०१७ मध्ये या अल्बमला सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बमचे ग्रॅमी मिळाले. वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमसाठीही त्याचे नामांकन होते.

नॅशव्हिलमधील कंट्री म्युझिक असोसिएशनने मात्र त्याची दखल घेतली नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये संस्थेचा पुरस्कार सोहळा सभागृहात रंगला असताना सिम्पसन बाहेर फुटपाथवर गिटार घेऊन गात बसले. गिटारच्या उघड्या पेटीत ग्रॅमीचे पुरस्कारचिन्ह ठेवलेले, आणि जमणारे पैसे नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एसीएलयू या संघटनेला.

साउंड अँड फ्युरी (२०१९) हा रॉक अल्बम आहे : मिशिगनमधील एका मोटेलात ध्वनिमुद्रित केलेला, कर्कश, सिंथेसायझरने भरलेला. त्यासोबत नेटफ्लिक्सवर याच नावाचा जपानी अॅनिमे चित्रपट आला. दिग्दर्शक जुनपेई मिझुसाकी. चित्रपट देखणा असला तरी गाणी त्याच्याविनाही उभी राहतात. कंट्रीच्या चाहत्यांपैकी अनेकांना हा अल्बम रुचला नाही. ग्रॅमी नामांकन या वेळी रॉक विभागात होते.

२०२० मध्ये महासाथीच्या काळात कटिंग ग्रास हे दोन खंड निघाले. चाहत्यांनी धर्मादाय संस्थांसाठी निधी उभा केला तर अल्बम देऊ, असे सिम्पसन यांनी सांगितले होते. जुनी गाणी ब्लूग्रास (विजेविना वाजणाऱ्या तंतुवाद्यांच्या कंट्री शैलीतील) वादकांसोबत पुन्हा गायलेली : सिएरा हल यांचे मँडोलिन, स्टुअर्ट डंकन यांचे फिडल, स्कॉट व्हेस्टल यांचा बँजो. पहिल्या खंडात २० गाणी, दुसऱ्यात १२. विजेची वाद्ये गेल्यावर या गाण्यांची बांधणी किती पक्की आहे ते कळते. दुसऱ्या खंडातील ‘होबो कार्टून’ हे ज्येष्ठ कंट्री गायक मर्ल हॅगर्ड यांच्यासोबत लिहिलेले. हे खंड पाचांच्या हिशेबात धरलेले नाहीत.

पाचवा द बॅलड ऑफ डूड अँड हुआनिटा (२०२१). वादक बहुतांशी कटिंग ग्रासचेच. यादवी युद्धाच्या काळातील केंटकीत डाकू हुआनिटाला पळवतो आणि तिचा नवरा डूड खेचर व कुत्रा घेऊन मागावर निघतो, अशी ही अर्ध्या तासाहून कमी वेळात संपणारी संगीतकथा. नायक-नायिकेची नावे आजी-आजोबांची. एका गाण्यात ज्येष्ठ कंट्री गायक विली नेल्सन यांची गिटार आहे. कथानक पातळ आहे, मात्र कुत्र्यावरचे गाणे चटका लावते.

त्याच वर्षी स्वरतंतूंना इजा झाल्याने सिम्पसन यांचे दौरे थांबले. २०२४ मध्ये पासाज द्यू देझिर हा अल्बम जॉनी ब्लू स्काइज या नावाने आला, पुन्हा हाय टॉप माउंटन लेबलवरून. ध्वनिमुद्रण नॅशव्हिल आणि लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत झाले. सहनिर्माता डेव्हिड फर्ग्युसन. गाणी आठच, पण ऐसपैस. ‘ज्युपिटर्स फेअरी’ हा संपर्क तुटलेल्या मैत्रिणीच्या मृत्यूची बातमी उशिरा कळल्याचा विलाप आहे, आणि अखेरचे ‘वन फॉर द रोड’ शब्द संपल्यानंतरही बराच वेळ गिटारवर चालत राहते.