गाक्त (जपानी गायक)

गाक्त हा जपानचा रॉक गायक, अॅक्टर आणि तिथल्या टीव्हीवरचा अगदी ओळखीचा चेहरा. जन्म 4 जुलै 1973, ओकिनावा. तो स्वतः मात्र सुरुवातीच्या काळात जन्मसाल 1540 सांगायचा, म्हणजे आपण व्हॅम्पायर टाइप काहीतरी आहोत असं, आणि हे सांगताना चेहऱ्यावर हसू नाही की काही नाही. हा माणूस जपानमध्ये एवढा का चालला ते बरंचसं या न हसण्यातच आहे.

1995 ला तो मॅलिस मिझर या बँडमध्ये गायक म्हणून आला. हा व्हिज्युअल केई प्रकारातला बँड, म्हणजे जाड मेकअप, युरोपातल्या जुन्या राजेरजवाड्यांसारखे कपडे, स्टेजवर अर्धं नाटकच. 1998 चा मेर्व्हेय अल्बम जोरात चालला आणि तरी 1999 च्या सुरुवातीला गाक्त बाहेर पडला, त्याच वर्षी सोलो सुरू. मग मार्स, रीबर्थ, मून असे अल्बम लागोपाठ आले, आणि 2001 मध्ये एनएचके या जपानच्या सार्वजनिक टीव्ही वाहिनीच्या कोहाकु या 31 डिसेंबरच्या गाण्यांच्या शोमध्येही तो दिसला, जो जपानमध्ये घरोघरी आजीपासून नातवापर्यंत सगळे बघतात. गेम खेळणाऱ्यांना तो फायनल फँटसीमुळे माहीत असेल, त्यातलं जेनेसिस हे कॅरेक्टर त्याच्यावरूनच बनवलंय आणि आवाजही त्याचाच.

2007 ला एनएचकेच्या फूरिन काझान या ऐतिहासिक मालिकेत त्याने उएसुगी केन्शिन हा सरदार केला. लांब मोकळे केस, थंड नजर, इतिहासातला केन्शिन कमी आणि गाक्त जास्त, पण लोकांनी डोक्यावर घेतला. केन्शिनचा किल्ला नीगाता प्रांतात जोएत्सु शहरात आहे, तिथल्या केन्शिन उत्सवात हा चिलखत घालून गेला तर बघायला प्रचंड गर्दी. त्याच वर्षी केन्शिनवरून सुचलेलं रिटर्नर हे गाणं ओरिकॉन या जपानच्या म्युझिक चार्टवर 1 नंबरला गेलं, त्याचं असं पहिलंच.

पण ज्यांनी त्याचं एक गाणंही ऐकलेलं नाही ते लोक त्याला ओळखतात ते नवीन वर्षाच्या काकुझुके चेक या शोमुळे. यात टीम करून खेळणाऱ्या सेलिब्रिटींच्या डोळ्यांवर पट्टी बांधून महागडी वाईन आणि दुकानातली स्वस्त वाईन चाखायला देतात, भारीतलं बीफ आणि सुपरमार्केटचं मांस, किंवा स्ट्रॅडिव्हेरियस हे अतिशय महागडं जुनं व्हायोलिन आणि साधं व्हायोलिन ऐकवतात आणि महागडं कुठलं ते ओळखून त्या उत्तराच्या खोलीत जाऊन बसायचं. चुकत गेलात की दर्जा घसरतो, चपला वाईट मिळतात, खुर्ची वाईट मिळते आणि शेवटी तर माणूस स्क्रीनवरूनच गायब करतात. गाक्त वैयक्तिक उत्तरं वर्षानुवर्षं बरोबर देत आलाय, सलग 70 च्या वर, त्यामुळे तो कुठल्या खोलीत गेला हे बघूनच बाकीचे मंडळी सुटकेचा श्वास टाकतात नाहीतर घाबरतात. जोडीदार चुकून टीमचा दर्जा खाली गेला की त्याचं तोंड बघण्यासारखं होतं. (जपानी असून वर्षानुवर्षं भात खात नाही असंही हा सांगतो, आता बोला.)

2019 चा फ्लाय मी टू सायतामा हा पिक्चर म्हणजे याच इमेजची कमाई. टोकियोवाले शेजारच्या सायतामा प्रांताला गावंढळ समजतात त्यावरची अफाट कॉमेडी, आणि त्यात पंचेचाळिशीतला गाक्त हायस्कूलचा विद्यार्थी, तेही पूर्ण सिरियसली. कमाई 3 अब्ज येनच्या पुढे गेली, जपान अकॅडमी पुरस्कारात त्याला बेस्ट अॅक्टरचं नॉमिनेशन मिळालं आणि 2023 ला दुसरा भागही आला.