डेन्मार्कच्या राजाने पिवळा तारा लावला नव्हता

ऐतिहासिक कथांमधून पसरलेला लाडका प्रसंग: दुसऱ्या महायुद्धात नाझी जर्मनीने डेन्मार्क व्यापलेला असताना, ज्यूंना साथ म्हणून राजा दहावा ख्रिश्चन स्वतः पिवळा तारा (नाझींनी ज्यूंवर लादलेली ओळखखूण) लावून घोड्यावरून कोपनहेगनमध्ये फिरतो. घोडा खरा, तारा खोटा. डेन्मार्कमध्ये ताऱ्याची सक्ती कधी झालीच नाही.

खरी हकिकत जास्त थरारक आहे. नाझी ज्यूंची धरपकड करणार ही बातमी डुकविट्झ या जर्मन अधिकाऱ्यानेच फोडली. २९ सप्टेंबर १९४३ला सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) इशारा दिला गेला. मग सुमारे ७,२०० ज्यू बहुतेक मासेमारीच्या होड्यांतून स्वीडनला पोहोचले. त्यासाठी भाडं पडे, कधी भरमसाट. कथा हे सहसा गाळतात. तपासणीच्या कुत्र्यांचं नाक बधिर व्हावं म्हणून वाळलेलं रक्त आणि कोकेन लावलेले रुमाल वापरत. गिलेलाइये गावात मात्र चर्चच्या माळ्यावर लपलेले सुमारे ८० जण पकडले गेले.