फुकट फिरणाऱ्या कॉपीने आमचं नेमकं किती बुडतं?

"तुमचं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर फुकट फिरतंय आणि तुम्ही गप्प कसे?" पैसे मोजून लायसन्स घेतलेले ग्राहक आम्हाला हे विचारतात, जरा रागानेच. राग रास्त आहे. उत्तर मात्र फोनवर देण्याइतकं छोटं नाही, म्हणून हे पत्रक.

फुकट कॉप्या गुणिले किंमत म्हणजे नुकसान, असा हिशेब सगळेच मांडतात. 'बीएसए' या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संघटनेच्या २०१८च्या पाहणीत जगभरच्या संगणकांवरचं ३७ टक्के सॉफ्टवेअर विनापरवाना निघालं. त्याची किंमत ४६.३ अब्ज डॉलर. पण ही मालाची किंमत झाली, बुडालेला धंदा नव्हे. फुकट होतं म्हणून ज्याने उतरवून घेतलं, तो पैसे मागितल्यावर आलाच असता कशावरून? 'रिफ्लेक्सिव्ह' या गेम बनवणाऱ्या कंपनीने २००८ मध्ये स्वतःचाच अनुभव सांगितला होता. त्यांचा एक गेम खेळणाऱ्यांपैकी ९२ टक्के लोकांकडे चोरीची कॉपी होती. कुलूप, म्हणजे फुकट कॉपी चालू न देणारी सोय, घट्ट केल्यावर अडवलेल्या हजार कॉप्यांमागे विक्री वाढली ती साधारण एकाने!

मग बुडत काहीच नाही का? बुडतं, पण भलत्याच ठिकाणी.

एक म्हणजे, आमचा प्रतिस्पर्धी आमची चोरलेली कॉपी नसतेच. तो असतो बड्या कंपनीच्या महागड्या सॉफ्टवेअरची चोरलेली कॉपी. ते फुकटात मिळत असेल तर आमचं स्वस्त सॉफ्टवेअर कोण विकत घेईल? बड्यांना मात्र थांबायला परवडतं. 'लोक चोरणारच असतील तर त्यांनी आमचंच चोरलेलं बरं, पैसे कसे वसूल करायचे ते पुढे बघू,' अशा अर्थाचं मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स १९९८ मध्ये चीनबद्दल बोलताना उघडपणे म्हणाले होते. एकदा हात बसला की माणूस दुसरीकडे जात नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आम्हाला तितकी वाट बघणं जमणारं नाही.

दुसरं, आमचा वेळ. मागे महिनाअखेरीला एक फोन आला: बिल छापताना शेवटची ओळ कापली जातेय. आमच्या सहकारी बाईंनी कागदाचं माप तपासायला लावलं, प्रिंटर बदलून पाहायला सांगितला. पाऊण तासाने त्यांनी लायसन्स क्रमांक विचारला. तो निघाला दुसऱ्याच ग्राहकाचा, आणि तोच लायसन्स क्रमांक सांगून आधीही दोघा-तिघांचे फोन येऊन गेले होते. गंमत अशी, की ओळ कापली जाण्याची ती चूक आम्ही आधीच्या अपडेटमध्येच दुरुस्त केली होती. पण क्रॅक केलेल्या, म्हणजे कुलूप तोडलेल्या कॉपीपर्यंत अपडेट पोचतच नाही. त्या पाऊण तासात लायसन्स असलेलं कुणीतरी फोनवर ताटकळत होतं. कदाचित तुम्हीच. म्हणून हल्ली आम्ही सगळ्यात आधी लायसन्स क्रमांक विचारतो. त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

कुलूप आणखी कडक का करत नाही, असंही विचारलं जातं. कडक कुलपाचा जाच प्रामाणिक माणसालाच होतो. चोरणाऱ्याने ते कधीच काढून टाकलेलं असतं. नव्या गेमची गोष्ट वेगळी, त्याची बहुतेक कमाई पहिल्या काही आठवड्यांतच होते, तेवढे दिवस कुलूप टिकलं तरी पुष्कळ. आमचा माल वर्षभर थोडाथोडा खपतो. म्हणून आमचं लायसन्स एकदाच नोंदवावं लागतं, दोन संगणकांवर चालतं आणि नंतर इंटरनेट नसलं तरी अडत नाही. संगणक बदलताना जुन्यावर 'लायसन्स परत करा' हे बटण दाबा. जुना सुरूच होत नसेल तर फोन करा, आम्ही इकडून मोकळं करून देऊ.

तुमच्याकडे आमचीच क्रॅक केलेली कॉपी असेल आणि आता लायसन्स घ्यायचं असेल, तर आधी काही डिलीट करू नका. नोंदींचं फोल्डर आहे तसं दुसरीकडे कॉपी करून ठेवा; जुन्या नोंदी नव्यात आणून देण्याचे आम्ही वेगळे पैसे घेत नाही आणि कॉपी कुठून आली हेही विचारत नाही. नोंदी नव्यात आणण्याआधी संगणकाची व्हायरस तपासणी तेवढी करून घ्या. क्रॅक बसवताना अँटिव्हायरस बंद करायला सांगितलेलं असतं, आणि तो परत सुरू करायचा राहूनच जातो.