पगार कुठल्या कोडखाली येतो? कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पोस्टडॉकच्या सवलतींची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या १० कॅम्पसपैकी कुठेही रुजू होणाऱ्या पोस्टडॉकला, म्हणजे डॉक्टरेटनंतर ठराविक मुदतीसाठी संशोधन करणाऱ्याला, आज आरोग्यविमा मिळतो, दातांचा आणि डोळ्यांचा विमा मिळतो. पूर्ण वर्षाच्या नेमणुकीला २४ दिवसांची पगारी सुट्टी आणि १२ दिवसांची आजारपणाची रजा असते. बाळ झालं तर ८ आठवडे पूर्ण पगारी रजा. नेमणुकीच्या कागदांत हे सगळं इतक्या सहजपणे छापलेलं असतं की ते पहिल्यापासूनच असणार, असं नव्याने येणाऱ्याला वाटतं. पण २५ वर्षांपूर्वी यातलं काहीही सगळ्या पोस्टडॉकना सरसकट मिळत नव्हतं. जे मिळायचं ते कॅम्पस कुठला, प्राध्यापक कसा आणि पैसा कुठून येतो, यावर ठरायचं. पहिले दोन प्रश्न बऱ्यापैकी सुटले आहेत. तिसरा अजून पुरता सुटलेला नाही, म्हणून या टिपणात त्यालाच जास्त जागा दिली आहे.

फार मागे जायचं कारण नाही. १८७६ मध्ये बाल्टिमोरच्या नव्या विद्यापीठाने २० फेलोशिप दिल्या आणि त्यातल्या काही आधीच डॉक्टरेट असलेल्यांना मिळाल्या. १९१९ पासून एका मोठ्या तेल-घराण्याच्या देणगीतून भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्रातल्या तरुण डॉक्टरेटना संशोधनासाठी पैसे मिळू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर केंद्र सरकारचा पैसा विद्यापीठांत आला आणि मूठभरांसाठीची ही व्यवस्था प्रयोगशाळांचा कणा झाली. १९७४ च्या कायद्याने आरोग्य संशोधनाच्या प्रशिक्षण फेलोशिपची सध्याची घडी बसवली. या सगळ्या काळात गृहीतक एकच होतं: हा माणूस शिकतो आहे, वर्ष-दोन वर्षांत प्राध्यापक होईल, मग त्याला पगारदाराच्या सोयी कशाला? पुढे ही दोन वर्षं चार-पाच झाली, प्राध्यापकाच्या जागा कमी पडू लागल्या, पोस्टडॉकच्या घरी पाळणा हलला, तरी गृहीतक तसंच राहिलं.

हालचाल सुरू झाली ती १९९० च्या दशकात, आणि ती मुख्यतः पोस्टडॉकनीच केली. काही वैद्यकीय विद्यापीठांत त्यांनी स्वतःची मंडळं काढली आणि प्रशासनाकडे साधी मागणी केली: आमची गणती तरी करा. कारण बऱ्याच विद्यापीठांना आपल्याकडे किती पोस्टडॉक आहेत हेच नीट सांगता येत नव्हतं. एकच काम करणाऱ्यांना वेगवेगळी पदनावं दिलेली असायची. २००० मध्ये देशाच्या विज्ञान अकादमींचा एक अहवाल आला. त्यात किमान वेतन, आरोग्यविमा, नेमणुकीचं लेखी पत्र आणि कमाल मुदत यांची शिफारस होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाने त्यानंतर ३ वर्षांत पोस्टडॉकसाठी स्वतंत्र नियमावली केली आणि एकूण सेवेला ५ वर्षांची मर्यादा घातली. अपवाद म्हणून सहावं वर्ष देता येतं. जानेवारी २००५ मध्ये सगळ्या कॅम्पससाठी एकच विमा योजना लागू झाली. युनियन येण्याच्या आधी ही योजना आली, याचं श्रेय प्रशासनाला द्यायलाच हवं.

आता त्या कोडांकडे. विद्यापीठाने पोस्टडॉकचे तीन प्रकार केले आणि प्रत्येकाला एक क्रमांक दिला. ३२५२ म्हणजे 'कर्मचारी': प्राध्यापकाच्या ग्रँटमधून, म्हणजे त्याला संशोधनासाठी मिळालेल्या निधीतून, पगार. ३२५३ म्हणजे 'फेलो': बाहेरच्या संस्थेची फेलोशिप, पण पैसे विद्यापीठामार्फत येतात. ३२५४ म्हणजे 'थेट-वेतन': पैसे देणारी संस्था, बऱ्याचदा परदेशी सरकारचं एखादं खातं, पोस्टडॉकच्या बँक खात्यात परस्पर रक्कम जमा करते. तिघे एकाच बाकावर बसून तेच पिपेट हातात धरतात, त्याच शोधनिबंधावर नाव लावतात. फरक फक्त पैशाच्या वाटेत असतो.

हा फरक कागदावर किती खोल जातो ते एका नेहमीच्या उदाहरणावरून कळेल. समजा, एक मुलगी प्राध्यापकाच्या ग्रँटवर ३२५२ मध्ये काम करते आहे. तिच्या पगारातून कर आपोआप कापला जातो, वर्षअखेरीस पगाराचा दाखला मिळतो. तिला सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतनाची योजना, लागू नसते. त्याऐवजी पगाराच्या ७.५ टक्के रक्कम तिच्याच नावाच्या निवृत्ती खात्यात जाते. दुसऱ्या वर्षी तिला केंद्रीय आरोग्य संशोधन संस्थेची वैयक्तिक फेलोशिप मिळते. प्रयोगशाळेत केक कापला जातो, प्राध्यापक विभागाच्या सभेत अभिमानाने सांगतात. पुढच्या महिन्यात तिचा कोड बदलतो. आता तिला मिळतो तो 'स्टायपेंड', तो कायद्याने पगार नाही. निवृत्ती खात्यातली भर थांबते. कर लागतोच, पण कोणी कापत नाही, म्हणून एप्रिल, जून, सप्टेंबर आणि जानेवारीच्या १५ तारखेला अंदाजी कर स्वतः भरायचा, चुकला तर दंड. स्वतःचं वैयक्तिक निवृत्ती खातं उघडावं म्हटलं, तर फेलोशिपची रक्कम 'मोबदला' धरली जात नसल्याने त्यात पैसे टाकण्याची मुभा नव्हती. ही शेवटची अडचण २०१९ च्या अखेरीस झालेल्या कायद्याने २०२० पासून दूर केली. म्हणजे तोवर अनेक वर्षं या देशातल्या सर्वांत हुशार तरुण संशोधकांना बक्षीस मिळालं की त्यांच्या म्हातारपणाची पुंजी थांबायची.

यात कोणा एका कारकुनाचा दोष नाही. फेलोशिप देणाऱ्या केंद्रीय संस्थेचे नियमच सांगतात की ही मदत प्रशिक्षणासाठी आहे, तिच्यामुळे तुम्ही आमचे किंवा विद्यापीठाचे कर्मचारी होत नाही. नोकरदारावर होणारा विमा-रजेचा खर्च ग्रँटवर टाकता येतो, तसा तो फेलोशिपवर टाकता येत नाही. सोबत एक ठराविक 'संस्था भत्ता' येतो आणि त्यातच सगळं भागवावं लागतं. भत्ता कमी पडला तर फरक विभागाने किंवा प्राध्यापकाने भरायचा. स्वतःचे पैसे घेऊन येणारा पोस्टडॉक प्रयोगशाळेला फुकटात पडतो असं बाहेरून वाटतं, पण त्याच्या विम्याचा हप्ता कोणी द्यायचा यावरून विभागांत वाद व्हायचे. आणि त्या वादात ज्याच्या मुलाला ताप आलेला असायचा त्याला कोणी विचारत नसे.

म्हणूनच २००८ चा निर्णय मला या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्या वर्षी पोस्टडॉकच्या युनियनला मान्यता मिळाली. त्याआधीचा एक प्रयत्न मध्येच सोडून द्यावा लागला होता. नव्या युनियनमध्ये फक्त ३२५२ नव्हते, तिन्ही कोड होते. ज्यांना पगार मिळत नाही असं करखातं म्हणतं, त्यांच्या वतीनेही वेतन आणि रजेची बोलणी होऊ लागली. तेव्हा या विद्यापीठात सुमारे ६,००० पोस्टडॉक होते, म्हणजे देशातल्या साधारण दहापैकी एक. त्यामुळे इथे जे ठरेल त्याचा परिणाम सगळीकडे होणार हे उघड होतं. फेलो हे विद्यार्थ्यांसारखे आहेत आणि सामूहिक करारामुळे गुरु-शिष्याचं नातं बिघडेल, असं म्हणणारे प्राध्यापक तेव्हाही होते आणि आजही आहेत. त्यांच्या चिंतेत तथ्य आहे, पण ते रजेच्या बाबतीत नाही. आजारी पडल्यावर सुट्टी मागताना शिष्याला संकोच वाटावा, यात नात्याचं कसलं जतन?

बोलणी लांबली. २०१० च्या एप्रिलमध्ये केंद्रीय कायदेमंडळाच्या समितीने बर्कलीत येऊन सुनावणी घेतली आणि ऑगस्टमध्ये पहिला करार झाला. किमान वेतन केंद्रीय आरोग्य संस्थेच्या स्टायपेंडच्या श्रेणीला जोडलं गेलं. त्या श्रेणीची पहिली पायरी तेव्हा वर्षाला ३७,७४० डॉलर होती. २४ आणि १२ दिवसांच्या रजा करारात आल्या. कारण न देता काढून टाकण्याला आळा बसला, तक्रारीसाठी प्रक्रिया ठरली. पोस्टडॉकने मागितल्यास मार्गदर्शकाने त्याच्यासोबत बसून पुढच्या वाटचालीचा आराखडा करायचा, हे कलमही त्यातच आहे. या कलमाची त्यावेळी फारशी चर्चा झाली नाही, पण प्रत्यक्षात त्याचा उपयोग मोठा आहे. ज्या प्राध्यापकाला 'मला उद्योगात जायचंय' हे वाक्य ऐकायचं नसतं, त्याच्यासमोर ते वाक्य मांडायला त्यामुळे एक कागद मिळतो.

आधार-सेवांचा पसारा याच सुमाराला वाढला. २००९ पासून केंद्रीय विज्ञान प्रतिष्ठानने अट घातली की पोस्टडॉकसाठी पैसे मागणाऱ्या प्रस्तावात मार्गदर्शनाची एक पानी योजना हवी. एका पानात काय होणार, असं अनेकांना वाटलं. पण ते पान भरायचं म्हणून कॅम्पसवरच्या पोस्टडॉक कार्यालयांना काम आणि वजन मिळालं. लेखनाच्या कार्यशाळा, मुलाखतीची तयारी, समुपदेशन, व्हिसाची कागदपत्रं ही कामं नीट चालू लागली.

भारतातून जाणाऱ्यांच्या दृष्टीने या गोष्टीचा व्हिसाशी फार जवळचा संबंध आहे. पुण्यामुंबईच्या संस्थांतून डॉक्टरेट करून गेलेले बरेच जण जे-१ या विनिमय-व्हिसावर असतात. या व्हिसाला विमा सक्तीचा आहे: दर आजारामागे किमान १ लाख डॉलरचं संरक्षण. २०१५ पर्यंत ही अट ५० हजारांचीच होती. जोडीदाराला जे-२ वर कामाचा परवाना मागता येतो, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाच्या जोडीदाराला मिळणाऱ्या एच-४ वर तो सहसा मिळत नाही, म्हणून दोघंही शिकलेले असले की घरात या अक्षरांवरून रात्र-रात्र चर्चा होते. जे-१ वरच्या संशोधकाला पहिली दोन कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटीची कपात लागत नाही. ती सवलत संपल्यावर खासगी विद्यापीठांत कपात सुरू होते आणि भारत-अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नसल्याने १० वर्षांच्या आत परतणाऱ्याचे ते पैसे गेल्यात जमा. अनेक भारतीयांना लागणारी 'दोन वर्षं मायदेशी राहा' ही अट मात्र डिसेंबर २०२४ मध्ये कौशल्य-यादीतून (ज्या देशांना आपली कुशल माणसं परत हवीत त्यांच्या यादीतून) भारताचं नाव निघाल्याने बहुतेकांसाठी सैल झाली.

भारतातल्या फेलोशिपचीही जात तीच आहे. राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिपमध्ये दरमहा ठराविक रक्कम आणि घरभाडे भत्ता मिळतो, मुदत २ वर्षं. महागाई भत्ता नाही आणि औषधपाण्याचं काय, ते ज्या संस्थेत बसायला जागा मिळते तिच्या नियमांवर. त्यामुळे कोड बदलल्यावर काय होतं हे आपल्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही.

२०१६ मध्ये आणखी एक वळण आलं. ज्या वार्षिक पगाराच्या खाली जादा तासांचा मोबदला द्यावाच लागतो, ती मर्यादा अमेरिकेच्या केंद्रीय श्रम खात्याने २३,६६० वरून ४७,४७६ डॉलरवर नेली. पोस्टडॉक आठवड्याला ६० तास राबतात हे सगळ्यांना माहीत होतं आणि तासांची नोंद ठेवण्यापेक्षा पगार वाढवणं विद्यापीठांना सोपं वाटलं. नियम १ डिसेंबरला लागू व्हायचा होता. २२ नोव्हेंबरला टेक्सासच्या एका न्यायाधीशाने तो थांबवला. काही विद्यापीठांनी जाहीर केलेली वाढ मागे घेतली. आरोग्य संस्थेने मात्र आपली पहिली पायरी ४७,४८४ वर नेली ती तशीच ठेवली आणि तिच्याशी जोडलेला कॅलिफोर्नियाचा करारही त्यासोबत वर गेला.

मग १४ नोव्हेंबर २०२२. विद्यापीठातले ४८,००० शैक्षणिक कर्मचारी एकाच दिवशी संपावर गेले. त्यात पोस्टडॉक होते, प्रकल्प संशोधक होते, अध्यापन साहाय्यक विद्यार्थी होते. पोस्टडॉकचा तोडगा महिनाअखेरीस निघाला आणि डिसेंबरात मतदानाने मंजूर झाला. ऑक्टोबर २०२३ पासून किमान वेतन ६४,४८० डॉलर, पालकत्वाची ८ आठवड्यांची पूर्ण पगारी रजा आणि पाळणाघरासाठी वर्षाला २,५०० डॉलरपासून सुरू होणारं साहाय्य. पहिल्यांदाच हे वेतन केंद्रीय श्रेणीच्या बरंच पुढे गेलं. त्या श्रेणीची पहिली पायरी तेव्हा ५६,४८४ होती. वर्षभरातच केंद्रीय संस्थेच्या सल्लागार गटाने ७०,००० ची शिफारस केली, २०२४ मध्ये प्रत्यक्षात मिळाले ६१,००८. त्याच सुमाराला त्या संस्थेच्या स्वतःच्या प्रयोगशाळांतल्या फेलोंनी युनियन मागितली. 'हे कर्मचारीच नाहीत' असा आक्षेप संस्थेने आधी घेतला, मग मागे घेतला आणि डिसेंबर २०२३ च्या मतदानात १,६०१ विरुद्ध ३६ असा कौल आला. १९७४ पासून देशभर हीच भूमिका सांगणाऱ्या संस्थेच्या घरातच ती टिकली नाही.

सध्याचा करार ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत आहे. मधल्या काळात पायाखालची जमीन हलली आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसच्या कॅम्पसची सुमारे ५८ कोटी ४० लाख डॉलरची केंद्रीय ग्रँट थांबवली गेली. त्याच सप्टेंबरात देशाबाहेरून होणाऱ्या नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. ग्रँट थांबली की सर्वांत आधी धोक्यात येतो तो ३२५२, कारण त्याचा पगार आणि विमा दोन्ही तिच्यावरच चालतात. फेलोशिपवाल्याचा स्टायपेंड त्या ग्रँटवर अवलंबून नसतो, पण त्याच्या विम्याचा फरक ज्या खात्यातून भरला जातो ते खातं बहुधा त्याच प्राध्यापकाचं असतं. पुढच्या बोलण्यांत युनियनने वेतनाच्या आकड्याइतकाच जोर या फरकाच्या रकमेवर द्यावा आणि तो भार प्राध्यापकाच्या ग्रँटवरून काढून विद्यापीठाच्या मध्यवर्ती निधीवर टाकून घ्यावा, असं मला ठामपणे वाटतं.