मागच्या गाडीचा फोकस आणि आपोआप मंद होणारा आरसा : बसवून घेण्याआधी एवढं वाचा

ठाण्यात घोडबंदर रोडवर रात्री अवजड वाहनं सुटली की गायमुखपासून माजिवड्यापर्यंत आपल्या मागे एखादा कंटेनर असतोच. त्याचे दिवे आणि आपल्या छोट्या गाडीतला आतला आरसा जवळपास एका उंचीवर येतात, आणि सगळा झोत थेट डोळ्यांत उतरतो. त्यात हल्ली पांढऱ्याफटक एलईडी. नवी मुंबईत पामबीच रोडला नाहीतर सायन-पनवेलला जावं, तर कंटेनरऐवजी मागे एखादी उंच एसयूव्ही लागते आणि तिचा अप्पर काही खाली येत नाही. आमच्या काउंटरवर मग एकच प्रश्न येतो : तो आपोआप काळा होणारा आरसा बसवून मिळेल का?

मिळेल. पण तो काय करतो आणि काय करत नाही, हे आधी माहीत असलेलं बरं.

डोळ्यांचं गणित

पूर्ण अंधाराला सरावायला डोळ्यांना २० ते ३० मिनिटं लागतात. तो सराव मोडायला एक झोत पुरतो. ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. डोळे तीन सेकंद दिपले तर गाडी ५० मीटर आंधळीच गेली म्हणायची. वय वाढतं तसा डोळ्याच्या भिंगात प्रकाश जास्त विखुरतो, मोतीबिंदूची सुरुवात असेल तर आणखीच. त्यामुळे त्याच रस्त्यावर, त्याच गाडीत मुलाला काही वाटत नाही आणि बाबा मात्र हैराण होतात. दिव्यांभोवती वलयं दिसायला लागली असतील तर आमच्याकडे येण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. आरसा काय, पुढच्या महिन्यातही बसवता येईल.

आधी ती छोटी कळ वापरा

तुमच्या साध्या आरशाच्या खाली एक छोटी कळ असते. आमच्याकडे चार-पाच वर्षं वापरलेल्या गाड्या येतात आणि कित्येकांची ती कळ एकदाही हललेली नसते. हा आरसा म्हणजे पाचरीच्या आकाराची काच : एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला पातळ, आणि चांदीचा मुलामा मागच्या बाजूला. दिवसा आपण त्या मुलाम्यातलं प्रतिबिंब बघतो. कळ ओढली की आरसा थोडा कलतो, मुलाम्यावरचा भगभगीत झोत छताकडे जातो आणि डोळ्यांना मिळतं ते फक्त काचेच्या पुढच्या पृष्ठभागाचं प्रतिबिंब, म्हणजे पडलेल्या प्रकाशाच्या जेमतेम चार टक्के. वीज नको, वायर नको, खर्च शून्य.

खोट एवढीच की मधलं काही नाही. एकतर पूर्ण उजेड, नाहीतर चार टक्के. चार टक्क्यांत मागे रिक्षा आहे की बाइक, आणि ती किती जवळ आहे, ते नीट कळत नाही. शिवाय प्रत्येक वेळी हात वर न्यायचा, आणि कंटेनर पुढे निघून गेल्यावर कळ परत करायची आठवण ठेवायची. ती आठवण राहत नाही, हा सगळ्यांचाच अनुभव. आपोआप मंद होणारा आरसा नेमका इथे उपयोगी पडतो.

काच काळवंडते कशी

या आरशात काचेचे दोन तुकडे असतात आणि त्यांच्यामध्ये अगदी बारीक फट. दोन्ही काचांच्या आतल्या बाजूला वीज वाहून नेणारा थर, आणि फटीत एक खास रसायन भरलेलं. त्यातून साधारण सव्वा व्होल्टचा हलका दाब दिला की रसायनातले एका जातीचे रेणू इलेक्ट्रॉन घेतात, दुसऱ्या जातीचे सोडतात, आणि दोघांचाही रंग गडद होतो. काच निळसर-हिरवट झाक घेत काळवंडते. प्रकाश काचेतून आत जाताना एकदा अडतो आणि मागच्या मुलाम्यावर आपटून परत येताना पुन्हा अडतो. वीज काढली की रेणू पूर्ववत होतात आणि काच पुन्हा स्वच्छ. फ्यूज उडाला, वायर सुटली, तरी आरसा काळा अडकून बसत नाही. साध्या आरशासारखा चालू राहतो. आम्हाला या आरशातली सगळ्यात पटलेली गोष्ट ही.

आणि तो पायरी-पायरीने मंद होतो. मागे लांबवर एखादी गाडी असेल तर थोडासा, कंटेनर बुडाला चिकटला असेल तर पुरता. त्यामुळे झोत मरतो, पण मागच्या गाडीचा आकार आणि अंतर कळत राहतं. याला काही सेकंद लागतात. झोत पडला की डोळे मिटायच्या आत काळा, अशी अपेक्षा ठेवू नका.

ही करामत नवी नाही. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातली जेनटेक्स ही कंपनी १९७४ मध्ये धुराची सूचना देणारी यंत्रं बनवायला निघाली. प्रकाश ओळखणारे सेन्सर हाताशी होतेच. १९८२ मध्ये तिने तीच पाचरीची काच छोट्या मोटरने कलती करणारा आरसा काढला, आणि १९८७ मध्ये रसायनाने काळवंडणारा. आपल्याकडे मात्र आजही तो बहुतेक वरच्या व्हेरिअंटमध्येच मिळतो. खालचं व्हेरिअंट घेतलेली मंडळी म्हणून आमच्याकडे येतात.

पुढचा सेन्सर, मागचा सेन्सर

आरशाला दोन सेन्सर असतात. एक पुढच्या काचेकडे तोंड करून बाहेर किती अंधार आहे ते बघतो, दुसरा मागच्या काचेकडे बघत किती झोत येतोय ते मोजतो. बाहेर अंधार आणि मागून झोत, दोन्ही जमलं तरच काच काळवंडते. म्हणून दिवसा ऊन मागून आलं तरी आरसा ढिम्म. तीन हात नाक्यासारख्या लखलखीत ठिकाणीही तो कमीच मंद होतो, कारण तिथे डोळेही उजेडाला सरावलेले असतात. ‘शहरात चालतच नाही’ ही तक्रार बऱ्याचदा तक्रार नसते.

दुकानात भर दुपारी आम्ही तो असा दाखवतो : इग्निशन चालू, पुढच्या सेन्सरवर अंगठा दाबून धरायचा, मागच्या सेन्सरवर मोबाइलची टॉर्च मारायची. मनात पाच-सात आकडे मोजा. आरशातला तुमचाच चेहरा हळूहळू बुडत जातो. टॉर्च बंद केली की परत वर येतो. दुसरीकडून आरसा घेत असाल तरी ही चाचणी केल्याशिवाय पैसे देऊ नका. ‘अँटी ग्लेअर’ म्हणून नुसती निळी काच विकणारे बरेच आहेत. ती दिवसाही निळीच असते आणि कंटेनरपुढे फारशी टिकत नाही.

समोरून येणाऱ्याचं काय?

समोरच्या गाडीच्या झोतावर हा आरसा काहीही करत नाही. हे आम्ही ठळक सांगतो, कारण अर्धी निराशा इथूनच येते. त्यासाठी पुढची काच आतून पुसा. डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमधून निघणारी वाफ काचेवर आतून तेलकट पापुद्रा धरते आणि समोरचा प्रत्येक दिवा त्यावर फिसकटतो. कोरडं मायक्रोफायबर कापड हाताशी ठेवा. रात्रीच्या ड्रायव्हिंगचे पिवळे चष्मे आम्ही ठेवत नाही. झोताबरोबर ते रस्त्याकडेचा माणूसही अंधुक करतात.

मागच्या काचेला गडद फिल्म लावून द्या, असंही काहीजण म्हणतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०० वा नियम सांगतो की पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच नियमाच्या आधारे काळ्या फिल्म उतरवायला लावल्या. गडद फिल्म आमच्याकडे लागणार नाही.

बाहेरचे आरसे आपोआप मंद होणारे हवेत, तर ते काही महागड्या गाड्यांत कंपनीकडूनच येतात आणि आतल्या आरशाच्या इशाऱ्यावर चालतात. ते नंतर बसवून देण्याचा खटाटोप आम्ही करत नाही. तसंही बहुतेक गाड्यांचे बाहेरचे आरसे फुगीर असतात. त्यात झोत पसरतो आणि त्रास आतल्यापेक्षा कमीच होतो.

जाता जाता : दिव्यांची उंची कमी-जास्त करायचं ० ते ३ आकड्यांचं चाक तुमच्या गाडीत असेल, तर मागे तिघं आणि डिकीत सामान असताना ते वरच्या आकड्यावर फिरवा. गाडी मागून दबली की दिवे वर उचलले जातात आणि पुढच्याच्या आरशातला तो फोकस आपला असतो.

बसवताना

आरसा पुढच्या काचेवरच्या धातूच्या बटणावर बसतो. बटणाचे आकार वेगवेगळे असतात, म्हणून फोनवर नुसतं गाडीचं नाव सांगून भागत नाही, गाडी दाखवावी लागते. आरशामागे कॅमेऱ्याचा किंवा पावसाच्या सेन्सरचा डबा असेल तर आम्ही हात लावत नाही.

वायर छताच्या लायनिंगमधून, खांबाच्या कव्हरमागून फ्यूज बॉक्सपर्यंत जाते. खांबात पडदा एअरबॅग (बाजूच्या खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी) असेल तर वायर तिच्या मागून न्यावी लागते. पुढून ओढली तर एअरबॅग उघडताना आडवी येते. हे काम घाईचं नाही, गाडी अर्धा दिवस ठेवा. गाडीची मूळ वायर आम्ही कापत नाही, फ्यूज टॅप, म्हणजे फ्यूजच्या जागी बसणारा जोड, लावतो. वॉरंटी चालू असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी विचारून या.

दोन वायरी विजेच्या, तिसरी रिव्हर्सची. ‘ती राहू द्या’ म्हणणारे भेटतात, पण राहू देऊ नका. रिव्हर्स पडला की आरसा मंद होणं थांबतं आणि काच स्वच्छ होते. ही वायर नसेल तर सोसायटीच्या बेसमेंटमध्ये मागच्याचे दिवे चालू असताना तुम्ही काळ्या आरशात बघत गाडी मागे घ्याल.

नीट चालत नाही वाटलं तर

आधी फास्टॅग बघा. तो पुढच्या काचेवर आरशाच्या मागेच चिकटवलेला असतो आणि बरेचदा नेमका पुढच्या सेन्सरसमोर येतो. मग सेन्सरला कायमच रात्र वाटते आणि आरसा उजेडातही काळवंडतो. आमच्याकडे परत आलेल्या आरशांत ही गोष्ट वारंवार निघते. डॅशकॅमचंही तेच. मागच्या सेन्सरवर माळ, लटकता गणपती किंवा वरून अडकवलेला रुंद आरसा आला तर उलट होतं : झोत डोळ्यांवर पडतो आणि आरशाला पत्ताच नाही. माळ काढा म्हणायला आम्हालाही संकोच वाटतो, पण ती डॅशबोर्डवर ठेवता येते.

काच पुसताना फवारा आरशावर मारू नका, कापडावर मारा. कडेने पाणी आत गेलं की सर्किट जातं. काचेत बुडबुडा किंवा कडेला डाग दिसायला लागला तर तो आरसा दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. तडा जाऊन आतलं द्रव बाहेर आलं तर हात लावू नका. त्वचेला लागलं तर भरपूर पाण्याने धुवा, डोळ्यात गेलं तर धुऊन लगेच डॉक्टर गाठा, सीटवर पडलं तर ओल्या कापडाने लगेच पुसा. आरसा पिशवीत घालून आणा, काढून नवा बसवायचं आम्ही बघतो.